हरणी धावत नाही

हजेरीला आज वेळ लागत नाही. पटावर 38 नावं आहेत आणि बाकांवर 26 मुलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरलीय, पण गावातले ट्रॅक्टर सुट्टीतच साखर कारखान्यांकडे निघून गेलेत आणि त्यांच्याबरोबर काही मुलंही गेलीत. मॅडम ती नावं उच्चारतात, मान वर न करता खूण करतात आणि पुढच्या नावावर जातात. गैरहजर मुलांबद्दल कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरावरचं हे गाव आहे. नोव्हेंबरातल्या रिकाम्या जागांचं कारण इथलं पहिलीतलं पोरही सांगेल.

मी शेवटच्या बाकावर बसलोय. शेजारच्या मुलाने आपलं पुस्तक माझ्याकडे अर्धं सरकवलंय. 2018 साली आलेली दहावीची कुमारभारती. थोरल्या भावंडांच्या हातून उतरत आलेली प्रत असावी, कारण कवितांच्या समासात दोन वेगवेगळ्या अक्षरांत शब्दार्थ लिहिलेत. आज उजळणी आहे. ‘संतवाणी’तला पहिला अभंग, संत नामदेवांचा. जूनमध्ये शिकवून झालेला.

“गाईड दप्तरात,” मॅडम सांगतात.

चेनचे आवाज होतात. पहिल्या बाकावरची मुलगी अभंग वाचते, स्पष्ट आणि भराभर, बोर्डाच्या परीक्षेत वेळ वाचवायची सवय लागल्यासारखी. मॅडम मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाकडे बघतात. त्याचा आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजवतो. मुलगा आधी लाजतो, मग पुस्तकावरची नजर न काढता चालीत म्हणायला लागतो. पहिलं कडवं तो एकटाच म्हणतो. ध्रुवपद येतं तशी आणखी तीन-चार मुलं मिसळतात, आणि दुसऱ्या खेपेला ध्रुवपद येतं तेव्हा अख्खा वर्ग म्हणत असतो. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

“ध्रुवपद कशाला असतं?” अभंग संपल्यासंपल्या मॅडम विचारतात.

“समद्यांना म्हणता यावं म्हणून,” गाणारा मुलगा म्हणतो.

हे उत्तर कुठल्याही छापील उत्तरापेक्षा मला जास्त खरं वाटतं. नामदेव कीर्तनात उभे राहणारे संत. त्यांचा शब्द आधी कानांसाठी होता, कागदावर तो नंतर आला. प्रत्येक दाखल्यानंतर तीच विनवणी परत येते, ती समोर बसलेल्या माणसाच्या तोंडी यावी म्हणून. विनवणी एकट्या नामदेवांची राहत नाही, ती म्हणणाऱ्या प्रत्येकाची होते. अभंगाच्या बांधणीतच ही सोय आहे.

मॅडम अक्षरं मोजायला लावतात. वर्गभर बोटं हलतात. लहान अभंग, दोन चरणांचा, चरणात आठ अक्षरं आणि शेवटी यमक. आगीत पडलेल्या बाळाचं कडवं बरोबर आठ-आठ भरतं. वणव्याच्या कडव्यापाशी मात्र एक मुलगी हात वर करते. तिची नऊ भरलीत, दोन्ही चरणांत. शेजारीण तिचं पुस्तक ओढून स्वतः मोजते. तिचीही नऊ.

“भरू द्या,” मॅडम म्हणतात. “चालीत म्हणताना कुठं अडखळला का तुम्ही? नाही ना. अभंग गळ्यात बसला की अक्षर सैल सुटलेलं कळत नाही.” आणि मग विचारतात, “आता सांगा, या अभंगातून आपण काय शिकतो?”

“ईश्वरावर श्रद्धा ठेवावी!” सगळे एका सुरात.

“कुठल्या ओळीवरून?”

आता सूर फुटतो. कुणी पुस्तकात बघतं, कुणी बाकाखाली, जिथे गाईड आहे.

मराठीच्या तासाला कवितेचं जे होतं ते नेमकं या जागी होतं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलंय. इसापनीती आणि पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्या शाळांना गोष्टीच्या शेवटी तात्पर्य लागतं. कवितेलाही आपण तेच शेपूट लावतो. बोध एकीकडे, अलंकार दुसरीकडे. दहावीच्या 80 गुणांच्या लेखी कृतिपत्रिकेत पद्याला 16 गुण असतात आणि त्यातले 4 रसग्रहणाला. रसग्रहण लिहायचं तर आधी आशयसौंदर्य, मग काव्यसौंदर्य, मग भाषिक वैशिष्ट्यं. मुलं तीन परिच्छेद पाठ करतात. पहिल्या परिच्छेदातला बोध दुसऱ्या परिच्छेदातल्या अलंकारामुळेच कळलेला असतो, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. अभंगात ‘श्रद्धा ठेवा’ असं कुणी कुणाला सांगत नाही. अभंगात एक आई आहे, एक पक्षीण आहे, एक गाय आहे, एक हरणी आहे. जे काही शिकायचं ते त्यांच्याकडून.

मॅडम फळ्यावर चार रकाने आखतात: कोण अडचणीत, अडचण काय, कोण येतं, कसं येतं.

पहिली ओळ चटकन भरते. बाळ, आग, आई, धावत. दुसऱ्या ओळीला वर्गात जीव येतो. पिल्लू घरट्यातून जमिनीवर पडतं आणि पक्षीण त्याच क्षणी झेपावते. मधल्या रांगेतला एक मुलगा सांगतो की टिटवी तर माणसाच्याही अंगावर येते. त्याच्या चुलत्याच्या रानात अंडी होती, तिथे पाळीच घालू देत नव्हती. दुसरा कोंबडीचं सांगतो, वर घार फिरायला लागली की ती कशी पंख पसरते ते हात पसरून दाखवतो.

“ती इचार करीत नाही म्याडम. डायरेक्ट.”

“हे ‘डायरेक्ट’ कवितेत कुठं आहे?”

मुलगा ओळीवर बोट ठेवतो. पडणं आणि झेपावणं यांच्यामध्ये कवीने जराही वेळ जाऊ दिलेला नाही, हे त्याला दाखवता येतं. मॅडम चौथ्या रकान्यात लिहितात: लगेच.

तिसरी ओळ गाईची. इथे तर बहुतेक सगळेच जाणकार आहेत. भुकेल्या वासराच्या आवाजाला गाय कशी हंबरते, माळावरून परतताना तिचा वेग घर जवळ आलं की कसा वाढतो, याबद्दल चारजण एकाच वेळी बोलतात. एक मुलगी म्हणते, गाय नुसती येत नाही, येताना आवाज देत येते, म्हणजे वासराला आधीच कळतं. मॅडम हेही लिहून घेतात. फळ्यावर ‘हंबरत, धावत’.

चौथी ओळ. पाडस. वणवा. हरणी.

“कसं येते?”

“धावत!” पाच-सहा आवाज.

“नाही म्याडम.” खिडकीजवळच्या बाकावरून. शाळा सुटल्यावर शेळ्या वळणारा मुलगा आहे हा, मघाशी दप्तरातल्या डब्याशेजारी दोरी दिसली होती. “हरणी पळायली नाही.”

“मग?”

“काळजी करायली. नुसती.”

पुस्तकांची पानं वाजतात. माझा शेजारी ओळीवर बोट ठेवून बघतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो: खरंय. आई धावते, पक्षीण झेपावते, गाय हंबरत धावते. हरणी मात्र धावल्याचं नामदेव सांगत नाहीत. तिच्या मनात पाडसाचा घोर आहे, एवढंच सांगतात आणि पुढे जातात. हा अभंग मी आयुष्यभर ऐकत आलोय, चारही दाखले एका माळेत ओवलेले आहेत असंच मानत आलोय. माळ आहेच. उपमेय एक आणि उपमानं अनेक, तिला अलंकारशास्त्रात मालोपमा म्हणतात. गाईडवाले याला सरसकट दृष्टांत म्हणतात. पण शास्त्रातल्या दृष्टांतात दोन गोष्टी नुसत्या समोरासमोर ठेवलेल्या असतात, तुलना दाखवणारा शब्द नसतो. इथे तो आहे. ते राहू दे. माळेतला चौथा मणी वेगळा आहे हे या मुलाने पाहिलंय, आणि नाव देण्यापेक्षा ते पाहणं कितीतरी मोलाचं.

“कामून पळत नसंल?” मॅडम आता त्यांच्याच बोलीत विचारतात.

शेळ्यांवाला मुलगा सांगतो. डोंगरावरचं गवत वाळलं की आग लागते, ती वाऱ्याबरोबर फिरते. कुठून शिरायचं कळत नाही. शेळ्या एका अंगाला आणि करडं दुसऱ्या अंगाला राहिली तर शेळ्या कडेकडेने पळतात, ओरडतात, पण आत जात नाहीत.

“आग मधी हाय,” भिंतीकडच्या मुलींच्या रांगेतून एकजण म्हणते. तिच्याकडे सगळे वळतात तशी ती खाली बघत पुढे बोलते. “तिला जायचं हाय. आग मधी हाय.”

“तुझे आई-पप्पा कधी गेले गं?”

“भाऊबिजेच्या दुसऱ्या दिशी. सांगलीकडं.”

ती आणि तिचा सहावीतला भाऊ आजीजवळ आहेत. तिचं दहावीचं वर्ष म्हणून ठेवलंय. आई रोज रात्री फोन करते. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, रेंज नसते, त्यामुळे कोपीपासून थोडं लांब जाऊन करते. जेवलात का, दार लावलं का, आजीची गोळी दिली का. हे सगळं ती मॅडमना सांगते आहे, पण वर्गाला नवं नाही. तिच्यामागच्या दोघींच्या घरीही हाच फोन येतो, फक्त गाव वेगळं.

आणि मग शेवटून दुसऱ्या बाकावरचा, आतापर्यंत एकदाही न बोललेला मुलगा म्हणतो, “आग म्हंजे उचल, म्याडम.”

शहरातल्या वाचकासाठी हे थांबून सांगायला हवं. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात आणि जोडीचा हिशेब एक कोयता असा होतो. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम या कोयत्याला आगाऊ रक्कम देतो. ती उचल. घराचा पत्रा, मुलीचं लग्न, दवाखाना, पेरणीचं देणं, त्यात ती कारखाना दिसण्याआधीच संपलेली असते. मग नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून गाडीत भरून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. मुलगा आजारी पडला म्हणून आईला मधूनच उठून गावी येता येत नाही, ते या बाकीमुळे. फडात सुट्टीचा अर्ज देता येत नाही.

मॅडम फळ्याकडे वळतात. चौथ्या ओळीच्या दुसऱ्या रकान्यात ‘वणवा’ आहे. त्या त्याच्याखाली काही लिहीत नाहीत. तो शब्द तसाच ठेवतात आणि चौथ्या रकान्यात, जिथे ‘धावत’ यायचं होतं तिथे, ‘घोर’ लिहितात.

“जूनमध्ये आपण हा अभंग केला तेव्हा हे कुणालाच कसं दिसलं नाही?”

“तवा आई घरीच व्हती,” सांगलीवाली मुलगी सरळ सांगून टाकते.

मॅडम यावर भाष्य करत नाहीत, आणि मला त्यांचं ते फार आवडतं. वर्गातली निम्मी मुलं रडवता आली असती. त्या खडूने पाचवी ओळ आखतात.

पाचव्या ओळीत चातक आहे आणि मेघ आहे. इथे रकाने बिघडतात. अडचणीत कोण? चातक. अडचण? तहान. कोण येतं? मेघ. कसं येतो? कुणालाच सांगता येत नाही, कारण मेघ येतो असं अभंगात म्हटलेलंच नाही. चातक विनवतो, एवढ्यावर अभंग संपतो.

“आणखी काय बदललं?” मॅडम विचारतात. “वरच्या चौघांमध्ये आणि यात?”

“हितं आई नाही.”

“बरोबर. अजून?”

“हितं बोलणारा लहाना हाय. वर समद्या आयाच हायेत.”

“वर लहान कुणी काही बोलतच नाही?”

“वासरू बोलतंय की,” मघाची गाईवाली मुलगी सुधारते. “ते भुकेनं वरडतंय. बाळ आन् पिल्लू गप्प हायेत.”

मॅडम हसतात आणि फळ्यावर दुरुस्ती करतात. मग दोन मिनिटं त्या स्वतः बोलतात, आज पहिल्यांदाच इतकं सलग. पहिल्या दाखल्यांमध्ये कवी आईकडे बघतो. देवाने असं धावावं, असं धावावं, असं म्हणत राहतो. मग हरणीपाशी येतो, तिथे धावणं थांबतं. आणि शेवटी तो स्वतःकडे बघतो, स्वतःचं नाव घेतो. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते ती सही म्हणून येते, पण इथे ती चातकाच्या शेजारी बसली आहे. आगीतल्या बाळापासून निघालेला कवी अखेर स्वतः तोंड उघडून मागणाऱ्या पाखराजवळ पोचतो. “आता मला परत सांगा, या अभंगातून काय शिकायचं?”

या खेपेला कोरस येत नाही. एकजण म्हणतो, मागायला लाजू नये. दुसरी म्हणते, जो येऊ शकत नाही त्यालाही आपली काळजी असती. पखवाजवाल्या आजोबांचा नातू म्हणतो की देवानं आईसारखं वागावं, असं नामदेव देवालाच शिकवायलेत, आपल्याला नाही. हे ऐकून मॅडम खडू टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत राहतात. विठ्ठलाला विठाई आणि माऊली करणाऱ्या परंपरेचं मर्म पंधरा वर्षांच्या पोराने सांगितलंय.

“चातक खरंच निस्तं पावसाचंच पाणी पितो का?” कुणीतरी विचारतं.

“नाही. तो कविसंकेत आहे. कवींनी आपसात ठरवून घेतलेली गोष्ट. खरा चातक काळा-पांढरा असतो, डोक्यावर तुरा. पावसाच्या तोंडाला आफ्रिकेकडून येतो, म्हणून त्याचं आणि ढगाचं नातं जुळलं. आणि घरटं करत नाही. सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो.”

“म्हंजे त्याला बी दुसऱ्यानंच सांभाळलेलं असतंय!”

वर्गात एकदम कुजबुज वाढते. चार आयांनंतर आईविना वाढलेलं पाखरू! मीही वहीत हे टिपून घेतो. पण मॅडम हात वर करतात.

“हे उत्तरात लिहायचं नाही. नामदेवांना हे सांगायचं होतं असं म्हणायला अभंगात काही आधार नाही. कवितेत जे नाही ते कवीच्या नावावर खपवायचं नाही.”

“मग उचलीचं चालतं आन् ह्ये का नाही?” शेळ्यांवाला विचारतो. उद्धटपणे नाही, त्याला खरंच कळून घ्यायचंय.

मॅडमना उत्तराला वेळ लागतो. खिडकीबाहेर शालेय पोषण आहाराच्या शेडमध्ये भांडी आपटतात.

“हरणी थांबलीय, हे कवितेत आहे की नाही? आहे. कवीने तिला धावायला लावलं नाही. त्या थांबण्याकडे बघून तुम्हाला उचल आठवली. ती कवितेने दिलेल्या जागेत आठवली. ती तुमच्या नावाने लिहा, ‘मला असं वाटतं’ म्हणून लिहा. तो तुमचा हक्क आहे. चातकाच्या अंड्याला अभंगाने जागाच दिलेली नाही. ती माहिती मी दिली, पुस्तकातून.”

कविता शिकवण्याबद्दल मी जे काही ऐकलंय, वाचलंय, त्यात याहून नेमकं फार थोडं असेल. मुलांना कवितेतून काहीही अर्थ काढू द्या म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि एकच अर्थ घोकवणारेही. या बाई दोघांच्या मधून चालल्यात. अर्थ ज्याचा त्याचा, पण कवितेतल्या कुठल्या जागेवर उभं राहून तो दिसला ते दाखवायचं. म्हणूनच त्या प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारतात: कुठल्या ओळीवरून?

शेवटची दहा मिनिटं लिहायला आहेत. गाईड नाही, तीन मथळे नाहीत. मॅडम सांगतात, फक्त एक दाखला घ्या, तो कसा सांगितलाय ते लिहा आणि त्यामुळे तुम्हाला काय कळलं ते लिहा. पेनं चालतात. माझा शेजारी गाईचं लिहितोय. ती आवाज देत येते म्हणजे वासराला धीर येतो, असं लिहून तो थांबतो, ‘धीर’ खोडतो, परत ‘धीर’च लिहितो.

सांगलीवाली मुलगी वाचून दाखवायला उभी राहते. ती प्रमाण मराठीत लिहिते, बोर्डाला लागते तशी:

“संत नामदेवांनी आई, पक्षीण आणि गाय यांना धावताना दाखवले आहे. हरणीला धावताना दाखवलेले नाही. ती फक्त पाडसाची चिंता करते. सगळे दाखले सारखे असते तर मला वाटले असते की ज्याचे प्रेम असते तो नेहमी येतोच. पण हरणीचे प्रेमही तेवढेच आहे. म्हणून मला कळले की न येणे म्हणजे प्रेम नसणे नाही. माझ्या मते वणव्याच्या पलीकडे पाडसालाही हरणीची चिंता वाटत असेल, पण ते कवितेत लिहिलेले नाही.”

“शेवटचं वाक्य ठेव,” मॅडम म्हणतात. “कवितेत नाही असं तूच लिहिलंस ना, मग ठेव. फक्त वर ‘दृष्टांत’ हा शब्द घाल आणि ध्रुवपदाबद्दल एक वाक्य लिही. पेपर तपासणाऱ्याला ते लागतं.”

“तुम्ही तर जूनमधी उपमा म्हणल्या व्हत्या!”

“म्हणाले होते. उपमाच आहे. परीक्षेत दोन्ही लिहा, का ते एका वाक्यात लिहा, गुण जाणार नाहीत.”

बेल होते. भूमितीचे सर दारात येऊन थांबलेत, त्यांच्या काखेत लाकडी कंपास आणि गुण्या. मॅडम फळा पुसायला लागतात तर शेळ्यांवाला मुलगा “थांबा की म्याडम” म्हणत वहीत रकाने उतरवून घेतो आणि सर दोन मिनिटं तसेच थांबतात. उद्या ‘संतवाणी’तला दुसरा अभंग, एकनाथांचा, तोही याच पद्धतीने. पुढच्या बाकावरची वेगाने वाचणारी मुलगी आपलं लिहिलेलं पान मोजते आणि विचारते:

“म्याडम, चार मार्काला एवढं मोठ्ठं लिहिलं तर जागा पुरंल का?”

“नाही पुरली तर पुरवणी मागायची,” मॅडम म्हणतात.